रेकॉर्ड रूममधली चूक

सुधाताई,

तुमच्या बेसण्याला मी उभा राहून तुमच्याबद्दल चार शब्द चांगले बोललो. आज पाच दिवस झाले, ते शब्द मला पचत नाहीत.

चार ते सहाची वेळ होती. तुमच्या भावाने, म्हणजे भाऊंनी, पुढच्या खोलीतलं सगळं सामान हलवून सतरंज्या अंथरल्या होत्या. बडोद्यात पिढ्या काढल्यावर आपल्या घरांतही शोकसभेला बेसणंच म्हणतात, तसंच ते होतं. पांढरे कपडे, तुमच्या फोटोला हार, येणाऱ्याने हात जोडायचे, थोडा वेळ गप्प बसायचं आणि उठायचं. मी उठायच्या बेतात असतानाच भाऊ म्हणाले, "अविनाश, तू तिच्याबरोबर हॉस्पिटलात काम केलंयस. तू बोल ना थोडं."

मी बोललो. म्हणालो, "सुधाताईंनी माझ्या पहिल्या कामात मला फार मदत केली. त्या नसत्या तर माझं ते काम उभंच राहिलं नसतं." लोकांनी माना हलवल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. एकेक वाक्य खरं होतं, ताई, आणि सगळं मिळून खोटं होतं. तुम्ही समोर बसला असतात तर चष्मा कपाळावर सरकवून नुसतं बघितलं असतंत. तुमचं ते बघणं मी बारा-तेरा वर्षं चुकवत आलो. त्या दिवशी फोटोकडे पाठ करून बोललो.

म्हणून आता लिहितो आहे. भाऊंना सांगितलंय, की आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे छापायला देणार आहे. त्यांना वाटतंय मी तुमची स्तुती लिहितोय.

मी पहिल्यांदा तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये आलो तेव्हा तुम्ही जेवत होतात. थालीपीठ आणि वर चमचाभर कैरीचा गोड छुंदा. मी दारातच म्हणालो, "मला साहेबांनी पाठवलंय. कॅन्सर विभागाची सगळी जुनी कार्डं हवीत." तुम्ही म्हणालात, "सगळी? बस आधी. जेवलास?" गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, असे ते दिवस. ज्याच्या तोंडात कॉम्प्युटर हा शब्द, त्याच्याकडे लोक जरा वळून बघायचे, आणि मला वळून बघितलेलं फार आवडायचं.

माझे वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. मीही तिथेच चिकटावं असं त्यांना वाटे. मला त्या कंपनीच्या बसमध्ये चढायचं नव्हतं. बंगळूरच्या कुठल्यातरी काचेच्या इमारतीत बसायचं होतं, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगच्या एमईच्या अभ्यासात काहीतरी डोळे दिपवणारं करायला हवं होतं. साहेब, म्हणजे कॅन्सर विभागाचे मोठे डॉक्टर, त्यांना नव्याची हौस होती आणि एक खरी अडचणही होती. किरणांचा शेक द्यायचं यंत्र एकच, ऑपरेशनचे दिवस मोजके, आणि तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण मात्र रांग लावून उभे. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला लांबलचक उपचारांचा त्रास देऊन उपयोगच नाही, हे त्यांना दर गुरुवारी ठरवावं लागे. मी म्हणालो, कॉम्प्युटर सांगेल.

तुम्हाला ते समजावताना मी केवढा फुशारलो होतो. "ताई, याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात."

"कृत्रिम म्हणजे नकली ना? नकली दात असतात तशी?"

"तसं नाही हो. आपण त्याला जुन्या रुग्णांची कार्डं दाखवायची. वय, गाठ केवढी होती, मानेत पसरली होती का, तंबाखू किती वर्षं, कुठले उपचार झाले. आणि शेवटी, दोन वर्षांनी माणूस जिवंत होता की नाही. अशी शेकडो कार्डं बघून तो स्वतःच्या स्वतः शिकतो. मग नवा रुग्ण आला की त्याच्या जगण्याला शंभरातले किती गुण, ते सांगतो."

तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "म्हणजे शिकवणी माझ्या अक्षरावर चालणार. मग अक्षर नीट वाच. माझा चार आणि सात सारखा दिसतो."

पुढचे चार महिने आपण दोघं त्या खोलीत बसलो. तुम्ही वाचत होतात, मी भरत होतो. नुसता नंबर तुम्ही कधी वाचला नाहीत. "हा कापड गिरणीतला. ही बाई आली की आधी सगळ्या नर्सांना गुळाची चिक्की वाटायची. याची मुलगी याच्याहून जास्त रडायची." मी म्हणायचो, "ताई, वय सांगा, वय." तुम्ही वय सांगायचात, आणि पुढच्या कार्डाला पुन्हा तेच.

कार्डांबरोबर तुमची पोस्टकार्डं असायची. जो रुग्ण तपासणीला आला नाही त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने गुजरातीत एक ओळ लिहून जवाबी कार्ड धाडायचात. तब्येत कशी आहे, कळवा. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तुमच्या कामात ते बसतही नव्हतं. उत्तरं आली की वाचून दाखवायचात. एकाने लिहिलं होतं, 'बेन, मजामां छुं, कापूस वेचायला माणसं नाहीत म्हणून आलो नाही.' त्या दिवशी तुम्ही दुपारभर खुशीत होतात. पण सगळ्यांची उत्तरं येत नसत. ज्यांची आली नाहीत त्यांच्या कार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून ठेवायचात.

त्या प्रश्नचिन्हांपाशी माझं घोडं अडलं. कॉम्प्युटरला जिवंत किंवा मृत एवढंच कळत होतं. ती कार्डं बाजूला काढली तर उरलेली शिकवायला कमी पडत होती, आणि अर्धवट माहितीसाठी वेगळी रीत असते ती शिकायला मला वेळ नव्हता. मग एका दुपारी, तुम्ही बँकेत गेला होतात, मी एक ओळ टाइप केली. जिथे प्रश्नचिन्ह, तिथे मृत. एंटर दाबलं आणि पंख्याचा वारा लागून कागद उडावा इतक्या सहज ती सगळी माणसं मेली.

तुम्हाला मी ते दोन दिवसांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे बोलता बोलता उरकलं. तुम्ही हातातलं कार्ड खाली ठेवलंत.

"जो आला नाही तो गेला, असं तुला कुणी सांगितलं?"

"ताई, काहीतरी धरून चालावं लागतं. कॅन्सरचा माणूस, दोन वर्षं आला नाही, पत्राला उत्तर नाही. बहुतेक गेलाच असणार."

"मग बहुतेक असं लिही."

"बहुतेक लिहायला जागाच नाही त्यात."

"तर मग ती नकलीच आहे तुझी बुद्धी," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी डबा उघडताना मला बोलावलं नाहीत.

शनिवारी सकाळी मात्र तुम्ही मला खंडेराव मार्केटला नेलंत. मला वाटलं भाजीची पिशवी धरायला. तुम्ही रांगेच्या शेवटी एका माणसापुढे उभ्या राहिलात. जबड्याच्या एका बाजूला जुनी खोल खूण, तोंड थोडं वाकडं, पुढ्यात कोथिंबीर आणि वांगी. तुम्हाला बघताच तो उठून उभा राहिला.

"याला नमस्कार कर," तुम्ही मला म्हणालात. "हा तुझा एकशे बारा नंबर."

तो डभोईच्याही पलीकडच्या गावाचा होता. गाव सोडून भावाकडे राहायला आला होता, म्हणून तुमचं पोस्टकार्ड त्याला मिळालंच नव्हतं. आपण दोघं त्याच्यासमोर उभे होतो आणि तो तुम्हाला कोथिंबिरीची जुडी घ्याच म्हणून आग्रह करत होता. मला हसू आलं. मेलेला माणूस कोथिंबीर विकतोय. तुम्हाला हसू आलं नाही.

त्यानंतर रविवारी तुम्ही डभोईची बस धरायला लागलात. तिथून पुढे मिळेल ते वाहन, नाहीतर चालत. उन्हाळा होता, तुमचे गुडघे दुखायचे, भाऊ ओरडायचे. पाच-सहा रविवार गेले आणि तुम्ही माझ्यासमोर दीड पान ठेवलंत. नावं, गावं, आणि पुढे तुमच्या त्या चारासारख्या साताच्या अक्षरात कारण. 'सुनेचं बाळंतपण.' 'सोबतीला कुणी नाही.' 'बस बंद झाली.' 'बरं वाटतंय म्हणून.' काहींपुढे तारीख होती, म्हणजे ती माणसं खरोखर गेली होती. पण बाकीची होती. शेतात, गोठ्यात, पिठाच्या चक्कीवर, होती.

"आता हे दुरुस्त कर," तुम्ही म्हणालात.

मी "हो ताई" म्हणालो. त्याच आठवड्यात माझा पेपर दक्षिणेतल्या एका परिषदेसाठी निवडला गेल्याचं पत्र आलं होतं. पेपरात लिहिलेले आकडे जुने होते. नवी माहिती भरून मी एकदा चालवून बघितलं, तर कॉम्प्युटरचे अंदाज दणादण चुकायला लागले. तेव्हा मला कळायला हवं होतं, की आधीचे अंदाज बरोबर येत होते ते मीच उत्तरपत्रिका तशी लिहिली होती म्हणून. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी तुमचं दीड पान एका फाइलमध्ये घातलं, फाइल कपाटात ठेवली, आणि जुनाच पेपर वाचून आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बंगळूरच्या एका कंपनीच्या माणसाने माझा पत्ता मागून घेतला.

परत आलो तर साहेबांनी गुरुवारच्या बैठकीत प्रोग्रॅम वापरायला सुरुवातही केलेली. साहेब वाईट नव्हते. नुसत्या कॉम्प्युटरच्या गुणांवर ते कधीच निर्णय घेत नसत. पण दोन रुग्ण सारखे वाटले, जागा एकच असली, की मान माझ्याकडे वळायची. "अविनाश, तुझा पोपट काय म्हणतो?" मी गुण वाचून दाखवायचो. सगळे हातातलं काम थांबवून ऐकायचे, आणि मला मी फार मोठा वाटायचो.

अशा रीतीने दोघांना घरी पाठवलं गेलं. वेदनेच्या गोळ्या देऊन, 'आराम करा' सांगून. शनाभाई आणि जशीबेन. दोघं डभोईकडच्याच खेड्यांतले.

शनाभाईंचं तुम्हाला कळलंच उशिरा. जशीबेनना घरी पाठवलं त्याच्या पुढच्या बुधवारी तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत आलात. चपला बाहेर काढून, नियमाप्रमाणे. एसीत तुम्हाला थंडी वाजायची, म्हणून पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला.

"जशीबेनचं कार्ड लाव."

मी लावलं. वीसच्या आत गुण.

"आता बाकी काही बदलू नकोस. फक्त गाव बदल. बडोदा लिही."

"ताई, गावाचा काय संबंध?"

"लिही ने तू."

मी तालुक्याच्या जागी बडोदा शहर टाकलं. तेच वय, तीच गाठ, तीच तंबाखू. गुण साठच्या वर गेले.

कार्डावर छापलेलं सगळंच मी भरलं होतं, तालुकासुद्धा. लांबच्या गावांतली माणसं परत येत नव्हती, जी परत आली नाहीत त्यांना मी मारलं होतं, आणि त्या बिचाऱ्या यंत्राने आपल्या परीने प्रामाणिकपणे धडा घेतला होता, की डभोईच्या पलीकडे राहणारा माणूस जगत नाही.

तुम्ही ओरडला नाहीत. "उद्या गुरुवार आहे," एवढंच म्हणालात. "साहेबांना तू सांग. तूच सांग, म्हणजे बरं."

"सांगतो ताई. नक्की."

बंगळूरच्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. साहेबांचं शिफारसपत्र बरोबर आणा असं त्यात लिहिलं होतं. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

गुरुवारी बैठक सुरू झाली. तुम्ही रोजच्यासारख्या फायली घेऊन दाराशी उभ्या. पहिला रुग्ण झाला. दुसरा झाला. तुम्ही माझ्याकडे दोनदा बघितलंत. तिसऱ्याला साहेब म्हणाले, "काय अविनाश, पोपट?" आणि मी वाकून कागदावरचे गुण वाचायला लागलो.

"साहेब," तुम्ही म्हणालात. त्या खोलीत तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ते नका धरू. नोंदी चुकल्यात. जे रुग्ण परत आले नाहीत त्यांना मृत लिहिलं गेलं. चूक रेकॉर्ड रूमची आहे. माझी."

साहेबांनी पेन ठेवलं. तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला माहीत होतं हे?"

सुधाताई, एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारला नाही. एका शब्दाचं उत्तर होतं.

मी म्हणालो, "नाही सर. मला कार्डावर जे मिळालं ते मी भरलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. दीड पानाची दुसरी प्रत तुमच्याकडे होती, ती तुम्ही साहेबांपुढे ठेवलीत आणि म्हणालात, "शनाभाई आणि जशीबेनना परत बोलवायला हवं. पत्र जायला आठ दिवस लागतील. मी आजच जाते." साहेब फार चिडले होते. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. मला अजून शब्द न् शब्द आठवतो, पण तो इथे लिहून तुमचा दुसऱ्यांदा अपमान करणार नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, फायली टेबलावर सारख्या केल्यात आणि दुपारच्या बसने गेलात.

मी तुमच्याबरोबर यायला हवं होतं. शिफारसपत्राचा मसुदा टाइप करत बसलो.

शुक्रवारी सकाळी तुम्ही जशीबेनना घेऊन आलात. त्यांचा हात तुमच्या हातात, त्यांच्या मुलाच्या डोक्यावर गाठोडं. सोमवारी ऑपरेशन झालं. मी व्हरांड्यात तुम्हाला गाठून विचारलं, "आणि शनाभाई?"

"गेले. आठ दिवस झाले."

त्यांच्यावर उपचार झाले असते तर ते वाचले असते का? कदाचित नसते. रोग पुढे गेला होता, साहेब स्वतः म्हणाले तसं. पण कदाचित असतेही. मी पुढे हेच काम करत आलो, याहून कितीतरी हुशार यंत्रं बनवली, आणि या एका प्रश्नाला आजवर कुणाकडून उत्तर मागायची हिंमत केली नाही.

तुम्हाला मेमो मिळाला. रेकॉर्ड रूममधून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तुमच्या जागी जो आला त्याने पोस्टकार्डं बंद केली, कारण ती कामात बसत नव्हती. प्रोग्रॅमही बंद झाला. मला मात्र शिफारसपत्र मिळालं, आणि त्यात साहेबांनी लिहिलं होतं, 'प्रामाणिक आणि कष्टाळू.' ते पाकीट घेऊन मी हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाने बाहेर पडलो, कारण पुढच्या फाटकाशी तुमची खिडकी होती.

नंतरच्या वर्षांत दिवाळीला बडोद्याला यायचो. वडील म्हणायचे, सुधाताईंना भेटून ये. मी वेळ नाही म्हणायचो. एकदाच आलो, सहा-सात वर्षांनी. तुम्ही निवृत्त झाला होतात. दार उघडून म्हणालात, "अरे, किती वाळलास! ये, बस, चकली खा." जणू मधे काही घडलंच नव्हतं. मीच धीर करून विषय काढला. म्हणालो, "ताई, तेव्हा तुम्ही मला वाचवलंत."

तुम्ही चकलीचा डबा बंद केलात.

"तुला वाचवायला नाही केलं मी ते. तसलं काही मनात आणू नकोस. तुझी चूक आहे म्हटलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, साहेबांनी कमिटी बसवली असती, दोन महिने गेले असते. कारकुनाची चूक लगेच पटते सगळ्यांना. मला ती बाई परत आणायची होती."

मी तोपर्यंत मनात एक छान गोष्ट रचली होती. थोर मनाच्या ताई आणि चुकलेला तरुण. तुमच्या तेवढ्या बोलण्यात ती गोष्ट संपली. तुमच्या हिशेबात मी नव्हतोच. मी खोटं बोलणार हे तुम्ही आधीच ओळखून होतात, आणि त्याप्रमाणे वागलात. तुमचा अंदाज बरोबर आला.

मग तुम्ही विचारलंत, "आता काय करतोस?"

"मोबाइल कंपन्यांसाठी काम करतो. कुठलं गिऱ्हाईक सोडून जाणार आहे, ते आधीच ओळखायचं."

"म्हणजे अजून न आलेल्यांचंच काम," तुम्ही हसलात. "त्यांना विचारता का कधी, का सोडून चाललात म्हणून?"

"इतक्या लोकांना कसं विचारणार, ताई?"

"का? मी विचारत होते."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि बोलणं फराळावर गेलं. तो वाद तिथेच राहिला. त्या दिवशी क्षमा मागायची म्हणून आलो होतो. चहा पिऊन, पाया पडून निघालो. तुम्ही पाठीवर हात ठेवलात, आणि तेवढ्याने भागलं असं मी स्वतःला सांगितलं. जशीबेन अजून आहेत, दर आंब्याच्या दिवसांत कैऱ्या पाठवतात, हेही त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. त्याबद्दल मी तुमचा किती ऋणी आहे हे सांगायला तरी तोंड उघडायला हवं होतं. तुमच्यामुळे माझ्या डोक्यावर दोनऐवजी एकच मरण आहे.

बेसण्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. खूप थकले आहेत. झोपाळ्यावर बसलेले असतात, माणूस ओळखतात, मधलं मधलं विसरतात. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "सुधाबेन! बहु सारी बाई, फार चांगली. फक्त रेकॉर्डमध्ये तिच्याकडून एकदा मोठी भूल झाली होती."

बाकी काही आठवत नाही त्यांना. माझा प्रोग्रॅम नाही, पोपट नाही, ती गुरुवारची बैठक नाही. तुमची चूक तेवढी आठवते.

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते हं हं करत राहिले, मग चहा पितोस का म्हणाले. मी निघताना पुन्हा म्हणाले, "सारी बाई हती. एक भूल सोडली तर."

परवा पुन्हा गेलो. पुन्हा सांगितलं. तेच झालं.

काल तिसऱ्यांदा गेलो. या वेळी मी खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली आणि एकच वाक्य म्हणालो, "साहेब, सुधाबेनची चूक नव्हती. माझी होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

साहेबांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"मेमो मी दिला होता तिला," ते हळू म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो होतो मी तिला."

"हो साहेब."

"एने बोलाव," ते म्हणाले. "आत्ता बोलाव. मला तिची माफी मागायची आहे."

इतकी वर्षं मी जे पुढे ढकलत राहिलो, ते त्या विसरभोळ्या म्हाताऱ्याला पहिल्या फटक्यात सुचलं. ते झोपाळ्यावरून उठायला लागले, काठी शोधायला लागले. तुम्ही येणार म्हणून. मी त्यांचा हात धरला, त्यांना पुन्हा खाली बसवलं, आणि मला त्यांना सांगावं लागलं, ताई, की तुम्ही गेलात.